पिंडापाशी दिलेला शब्द

शेवंताच्या नवऱ्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नवऱ्याचाच एचआयव्ही तिला लागलेला, म्हणून सासऱ्यांनी तिला लांब उभं केलं होतं. लेक जावेच्या कडेवर. तिला पोटाशी धरायला आईचा जीव तुटत होता.

"बाळा, तुझी विहीर पुरी करू," सासरे हात जोडून म्हणाले. कावळा ढिम्म.

"मामंजी, त्यांचा जीव लेकीत अडकलाय. पोर आईजवळ राहील म्हणा," शेवंता लांबूनच म्हणाली.

"तुझ्या हाती? असल्या आजारात?"

"याच आजारात ते तिला आपल्या ताटात घेऊन जेवले, तेव्हा कुणी अडवलं नाही. आता नाही म्हणायचं, तर मला नको, त्यांनाच सांगा."

भावकीसमोर पिंडाला नाही कोण म्हणणार?

"राहील," सासरे पुटपुटले.

कावळा कधी शिवला, शेवंताला कळलंच नाही. ती लेकीच्या केसांत तोंड खुपसून उभी होती.