पासिंगचे पाच टायर

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक जीपवाली राहत होती. सगळे तिला आक्का म्हणत. घाटाच्या माथ्यावर डोंगरवाडी होती. तिथली माणसं बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जिपांतूनच येत-जात. पायथ्याच्या स्टँडवर अशा सात जिपा होत्या आणि त्यांत आक्काची सगळ्यांत जुनी.

दरवर्षी या जिपांचं पासिंग असे. तालुक्याच्या मैदानावर गाडी नेऊन तपासनिसाला दाखवायची. त्याने टायर बघायचे, ब्रेक मारायला लावायचे, दिवे, हॉर्न, वायपर चालवून बघायचे आणि धुराच्या नळकांड्यात नळी खुपसून यंत्रावरचा आकडा वाचायचा. सगळं नीट असेल तर पुढचं वर्षभर माणसं वाहायला मोकळीक.

आता स्टँडवाले म्हणजे भलतेच हुशार! त्यांनी सगळ्यांत मिळून पाच नवेकोरे टायर घेतले होते, चार चाकांना आणि एक स्टेपनीला. ज्याचं पासिंग त्याने ते चढवायचे, दाखला आणायचा आणि संध्याकाळी उतरवून पुढच्याला द्यायचे. धुराची नळी तर म्हातारा तपासनीस कधी लावायचाच नाही. चहा पिता पिता सही करायचा. बाकी वर्षभर ते पाच टायर स्टँडच्या मुकादमाच्या पडवीत गोणपाटाखाली लोळत पडत आणि घाटात फिरत ते झिजून गुळगुळीत गोटे झालेले जुने टायर.

आक्काही इतकी वर्षं तेच करत आली होती. पण गेल्या खेपेला पासिंग करून, नवे टायर उतरवून ती घाट उतरत होती, तेव्हा एका वळणावर ब्रेक दाबूनही जीप घसरत गेली आणि दरीपासून हातभर अंतरावर थांबली. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बरं केलंस बाई थांबवलंस. इथून देखावा फार छान दिसतो." सगळे खाली उतरून देखावा बघत राहिले. आक्का मात्र चाकांपुढे दगड लावत होती. गाडी घसरली होती हे ती कुणालाच बोलली नाही, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

यंदा पासिंग जवळ आलं तसा मुकादम म्हणाला, "आक्का, पहिला नंबर तुमचा. टायर घेऊन जा."

"मला नकोत, दादा. मी गाडी मेस्त्रीकडे टाकतेय."

"वेड लागलंय का? एका दिवसाच्या कामाला एवढा खटाटोप? आणि आठ दिवस गाडी स्टँडवर दिसली नाही तर भाड्याच्या पाळीतला तुमचा नंबर जाईल, नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," आक्का म्हणाली आणि जीप घेऊन निघून गेली.

मेस्त्रीने गाडी उघडली आणि कपाळाला हात लावला. ब्रेकचे लायनर झिजून पातळ झाले होते. एअर फिल्टरमध्ये सगळ्या घाटाची धूळ बसली होती. आक्काने स्वतःचे पाच नवे टायरही घेतले. काम बारा दिवस चाललं. तिकडे स्टँडवर आक्काचा नंबर गेला. तिची नेहमीची माणसं दुसऱ्यांच्या जिपांत बसू लागली. "म्हातारी जीप आता भंगारातच जाणार," असं म्हणून पोरं खिदळली. आक्काला रडू आलं. आपण मूर्खपणा तर नाही ना केला, असं तिला रोज सकाळी वाटे. तरी ती मेस्त्रीशेजारी बसून नटबोल्ट पुसत राहिली.

आणि मग तालुक्याला नवीन तपासनीस बाई आल्या. त्यांनी निरोप धाडला, "सातही जिपा उद्या सकाळी एकदमच आणा."

स्टँडवर एकच धांदल उडाली. आक्काची सोडून सहा जिपा आणि टायर पाचच, म्हणजे एकाच गाडीपुरते! मुकादमाने ते हक्काने स्वतःच्या गाडीला चढवले. बाकीच्या पाच जणांनी आपल्या गुळगुळीत टायरांना बुटाचं काळं पॉलिश फासलं.

बाई रांगेतून चालत आल्या. पहिल्या टायरवर अंगठा फिरवला, अंगठा काळा झाला. दुसऱ्यावर फिरवला, तोही काळा. पाच गाड्या तिथेच बाजूला झाल्या. मुकादम मिशीला पीळ देत पुढे आला. बाईंनी टायर बघितले, मान डोलावली आणि नळी लावून म्हणाल्या, "रेस करा."

मुकादमाने पाय दाबला. भस्सकन असा काळा ढग निघाला की बाई, यंत्र आणि मुकादमाची मिशी, तिन्ही दिसेनाशी झाली.

"नापास," ढगातून आवाज आला.

शेवटी आक्काची पाळी. दिवे लागले. हॉर्न वाजला. ब्रेक मारताच जीप चुन्याच्या रेघेवर जागच्या जागी उभी. बाईंनी नळी लावली, आकडा वाचला. गाडीचं वय बघून त्यांचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा लावली. आकडा तोच, अगदी कमी.

"पास!" बाई हसून म्हणाल्या. "या वयात अशी गाडी मी पाहिली नाही."

आक्काने दाखला डोक्याला लावला आणि तिथेच जोरात हॉर्न वाजवला, एकदा नव्हे, चांगला तीनदा.

पुढचे पंधरा दिवस घाटात एकच जीप धावत होती. डोंगरवाडीची माणसं आक्काच्या जिपेची वाट बघत रांगेत उभी राहत. एके दिवशी डोंगरवाडीतच राहणारा मुकादमही त्या रांगेत उभा होता. मेस्त्रीला दाखवायला आपले झिजलेले लायनर पिशवीत घेऊन तो मुकाट्याने पुढच्या सीटवर बसला.

ऐन उतारावर मेंढरांचा कळप आडवा आला. आक्काने ब्रेक दाबला. जीप थांबली. मेंढरं सावकाश निघून गेली. मुकादमाने शेजारी आपलाही पाय फळीवर गच्च रोवला होता, तो काही केल्या उचलेना.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "माझी थांबली नसती."

"मागच्या साली माझीही थांबत नव्हती, दादा," आक्का म्हणाली आणि गिअर टाकला.

स्टँडवर उतरल्या उतरल्या मुकादमाने सगळ्यांसमोर खडूने फळ्यावर पहिला नंबर आक्काचा लिहिला. महिन्याभरात बाकीच्या सहाही जिपा पास झाल्या, आपापल्या टायरांवर.

तात्पर्य काय, तर तपासनिसाला वर्षातून एकदा फसवता येतं, पण घाट रोज तपासतो.