नदीची ओटी

एकदा काय झालं, डोंगरातून निघालेली एक नदी समुद्राजवळ येता येता पार दमली. मग तिनं ऐसपैस हातपाय पसरले, तिला फाटे फुटले, आणि त्या फाट्यांच्या मधोमध एक शहर वसलं. शंखावती त्याचं नाव. इतकं जुनं, इतकं जुनं, की तिथं पहिली चूल कुणी पेटवली, हे म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. पण तेव्हापासून ते शहर कधी ओस पडलं नव्हतं, बरं का.

तिथं मैनाक्का नावाची नावाडीण राहायची. घरात ती आणि तिची आंधळी सासू.

एका वर्षी नदी शहराकडे यायचीच थांबली. आधी होड्या चिखलात रुतल्या. मग विहिरी खारट झाल्या. मग बगळेसुद्धा उडून गेले. लोकांनी गाड्या भरल्या. राजाही निघायच्या तयारीला लागला.

"चला सासूबाई, आपणही जाऊ," मैनाक्का म्हणाली.

"माझी पावलं याच गल्ल्या ओळखतात गं," सासू म्हणाली. "दुसरीकडं मी चाचपडतच मरेन."

मग मैनाक्का उठली आणि कोरड्या पात्रातून नदीला शोधायला निघाली.

चालता चालता धुकं लागलं. दुधासारखं दाट. त्या धुक्यात वाळूच्या बेटावर एक बाई आडवी झाली होती. हिरवं लुगडं, आणि मोकळे केस लांबच लांब पसरलेले. तीच नदी!

"आई, रुसलीस का गं?"

"रुसले नाही, बाळ. माझी ओटी डोंगरांच्या मातीनं भरलीय. पूर्वी तुम्ही ती शेतात न्यायचात, भिंतींना लिंपायचात. आता सगळ्यांना दगडी घरं हवीत. माती तशीच साचली, माझी वाट बुजली. येऊ कुठून?"

मैनाक्कानं पदर पसरला. "दे. माझ्या ओटीत घाल."

परत येऊन आधी ती एकटीच शहराजवळच्या पात्रातली माती शेतांत वाहत राहिली. लोक हसले. मग सासू चाचपडत आली आणि तिच्या शेजारी बसून हातांनी गाळ उपसायला लागली. ते पाहून बायांनी गाड्यांतून पाट्या खाली काढल्या. आणि मग काय, खुद्द राजा आला! शेला कमरेला बांधून म्हणाला, "मैनाक्का, कुठून खणू?"

"इथून, महाराज. जपून हं, घसरतं."

मग एका पहाटे सासूनं एकदम मान वर केली. सगळ्यांनी कान टवकारले. दुरून कुठून तरी झुळझुळ... झुळझुळ...

"आली गं बाई, आली!"

हळूच पाणी आलं. होड्या उचलल्या गेल्या, पाळण्यासारख्या डुलायला लागल्या. गाड्या रिकाम्या झाल्या, चुली पेटल्या. शंखावतीत सगळे सुखानं राहिले, अजूनही राहतात.

चला, आता पांघरुणात शिरा. मिटा बघू डोळे.