हौद्यात बसलेले तात्या

एकदा एक रोपवाटिकावाला नवी गाडी घ्यायला निघाला आणि वाटेतच अडकून पडला. वाट बंद नव्हती. वाटा दोन होत्या, म्हणून अडकला.

त्याचे नाव भालचंद्र. सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याची आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका होती. ऐन लागवडीच्या तोंडावर त्याचा जुना टेम्पो कायमचा बंद पडला. नवी गाडी घेणे भाग होते, आणि ऐपत एकाच गाडीची होती. पिकअप घ्यावा, तर मागच्या उघड्या हौद्यात कलमे ओळीने उभी राहतील आणि धंदा निर्धास्त चालेल. सात जणांची मोठी एसयूव्ही घ्यावी, तर गुडघेदुखीने घरी बसलेल्या आईला कुठे नेता येईल, पत्नीला लग्नाकार्याला मानाने जाता येईल, आणि शहरातून येणारे फार्महाउसवाले दारातली गाडी पाहून जरा आदराने बोलतील. कलमे काय, भाड्याच्या टेम्पोनेही जातील.

सकाळी रोपांना पाणी घालताना पिकअप नक्की होई. दुपारी जेवून आडवे पडले की एसयूव्ही नक्की होई. मेहुण्याला विचारले, त्याने मोठ्या गाडीची बाजू घेतली. शेजारच्या बागायतदाराला विचारले, त्याने पिकअपशिवाय दुसरे काही सुचवलेच नाही. भालचंद्राला दोघांचेही पटले, आणि तो अधिकच गोंधळला. तोवर ऑर्डरी खोळंबल्या होत्या. पिशव्यांतली मुळे बाहेर डोकावू लागली होती. एक जुने गिऱ्हाईक वाट पाहून दुसरीकडून कलमे घेऊन गेले, तेव्हा मात्र त्याला घाम फुटला. कलम करताना कोणत्या खुंटावर कोणती काडी बांधायची हे क्षणात ठरवणारा आपण, आपल्यालाच हे काय झाले, हे त्याला समजेना.

शेवटी तो तात्यांकडे गेला. तात्या म्हणजे त्याला कलम बांधायला शिकवणारे गुरू. वय ऐंशीच्या पुढे, पण बुद्धी स्वच्छ. भालचंद्राने दोन्ही गाड्यांचे गुणदोष त्यांच्यापुढे मांडले. इंजिन, मायलेज, हप्ते, लोक काय म्हणतील, सगळे सांगून झाले. तात्यांनी त्यातले काहीच पुन्हा विचारले नाही. मला दोन्ही गाड्यांत एकदा बसव, एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघे रिक्षाने तालुक्याच्या गावी गेले. तिथल्या शोरूममध्ये दोन्ही गाड्या उभ्या होत्या. आधी पिकअप निघाला. भालचंद्राने अदबीने पुढचे दार उघडून धरले. पण तात्या त्या दाराकडे न वळता मागे गेले आणि हौद्याच्या फाळक्याला धरून उभे राहिले. मला इथे बसायचे आहे, म्हणाले. शोरूमचा माणूस गडबडला. रस्त्यावर तसे चालणार नाही, असे त्याने सांगितले. तात्यांनी तेही मान्य केले आणि मागच्या आवारातच एक फेरी मारायला सांगितली. मग स्टूल आणले गेले, दोघांनी हात दिला, आणि धोतर सावरीत तात्या उघड्या हौद्यात जाऊन बसले.

भालचंद्राने गाडी आवारात फिरवली. खडी होती, एक-दोन खड्डे होते. त्याचे सारे लक्ष गिअरकडे, आणि उरलेले शोरूमच्या खिडक्यांकडे, जिथून लोक हा प्रकार पाहत होते. आपल्या गुरूला आपण पोत्यासारखे वाहतो आहोत, या कल्पनेने त्याचे कान तापले.

मग एसयूव्ही निघाली. या खेपेला तरी तात्या पुढे बसतील असे त्याला वाटले. तात्यांनी मधली सीट दुमडायला लावली आणि भालचंद्राचा हात धरून वर चढत, वाकून, डोके सांभाळत, अगदी शेवटच्या रांगेत शिरले. गुडघे छातीशी आले. गाडी महामार्गाला लागली. इंजिनाचा आवाज नाही, समोर डॅशबोर्डवर मोठी स्क्रीन, हातभर अंतरावर एसीचा गार वारा. भालचंद्र हरखून बोलत राहिला. मागून उत्तर आले नाही. किंवा आले असेल, त्याला ऐकू आले नाही.

परतल्यावर त्याच्या मनात काहूर माजले. तात्या रागावले आहेत का? की वयोमानाने त्यांचे असे होऊ लागले आहे? पेच सोडवायला यावे, आणि आणखी एक पेच घेऊन घरी जावे, असे होऊन बसले होते.

बाहेरच्या बाकावर चहा घेताना त्याने धीर करून विचारले, "तात्या, तुम्ही पुढे का नाही बसलात?"

"तुला त्याचं वाईट वाटलं?"

"वाईट नाही. पण कळलं नाही काही."

तात्यांनी कप खाली ठेवला. "काल तू माझ्याशी बराच वेळ बोललास," ते म्हणाले. "त्या सगळ्या बोलण्यात तू स्टिअरिंगवर होतास. आई मागे बसेल म्हणालास, बायको बसेल म्हणालास, कलमं बसतील म्हणालास. त्या जागा कशा आहेत, हे तुला ठाऊक नव्हतं. म्हणून मी बसून आलो. आता आणखी एक सांगतो. दोन्ही गाड्यांत चढताना मला दुसऱ्याचा हात लागला. तुझी आई कशी चढणार आहे? हे मी तिच्या वतीने सांगू शकत नाही आणि तूही नाही. ज्यांना बसायचं आहे त्यांना विचार. मेहुण्याला कशाला विचारतोस?"

भालचंद्राला ते सगळे उमगले होते असे नाही. गाडीचा प्रश्न होता, त्यात घरातल्यांना काय विचारायचे? आपण हे सगळे त्यांच्याचसाठी तर करतो आहोत. परतीच्या रिक्षात त्याच्या डोक्यात हेच फिरत होते.

संध्याकाळी आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. त्याने सहज विचारल्यासारखे विचारले. आई म्हणाली की तिला त्या उंच गाडीत चढवणार नाही. डॉक्टरकडे ती शेजारणीबरोबर रिक्षाने जाते, आणि तेच तिला बरे पडते. मग मी एसयूव्हीचे बोललो तेव्हा हो का म्हणालीस, असे त्याने विचारले, तेव्हा ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "तुला हवी होती ना रे!"

पत्नी रोहिणी आत होती. तिला विचारताना मात्र त्याची जीभ अडखळली. जुन्या टेम्पोतून कलमे पोचवायला निघाले, की पुढच्या सीटवर वाट दाखवायला गिऱ्हाईक बसे, आणि रोहिणी मागे, हौद्यात, कलमांना धरून. इतकी वर्षे हे असेच चालले होते.

"मागे बसायला कसं वाटायचं तुला?" त्याने विचारले.

थट्टा तर नाही ना, हे रोहिणीने आधी त्याच्या चेहऱ्यावर शोधले.

"घाटात वळणावर तोल जायचा," ती म्हणाली. "दोन्ही हात कलमांना, मग स्वतःला कशानं धरणार? सुरुवातीला एकदा-दोनदा हाक मारली होती तुम्हाला, जरा हळू म्हणून. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत होतात. मग नाही मारली."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच भालचंद्राला खाली बघावे लागले. रोहिणी काही बोलत नाही याचा अर्थ तिची काही अडचण नाही, असा त्याने कधीच लावून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी तो तिला शोरूममध्ये घेऊन गेला. तिथे दोन रांगांचा एक पिकअप होता. पुढे-मागे माणसे बसतील असा, मागे आखूड हौदा. आदल्या दिवशी भालचंद्राने तो पाहिला होता आणि ना धड ही ना धड ती, असे म्हणून सोडून दिला होता. रोहिणी मागच्या सीटवर बसली, दार लावून पाहिले, काच खाली-वर केली. याच्या हौद्यात कलमे कमी मावतील, दोन खेपा कराव्या लागतील, असे भालचंद्राने सांगितले. करू की, ती म्हणाली.

तीच गाडी घरी आली. ती पाहून मेहुणा खट्टू झाला, शेजारचा बागायतदारही झाला. भालचंद्राला त्याचे नवल वाटले नाही, दुःखही झाले नाही.

आपल्या माणसांसाठी आपण पुष्कळ काही ठरवत असतो. ठरवण्याआधी त्यांच्या जागेवर एकदा बसून यावे.