वळजाईची वाकड्या झाकणांची पालखी

समोर कुडवणच्या देवळात वळजाईची पालखी ठेवलेली आहे, ती आधी नीट बघून घ्या. चौकट तेवढी बरी आहे. पण बाजू, पाठ, छत, सगळं तळहाताएवढ्या लाकडी तुकड्यांचं, आणि त्यातला एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही. कुठला एका टोकाला जाड, कुठला मधे खोल गेलेला, कुठे रंध्याने लाकूड ओरबाडून ठेवलंय. शिमग्यात खांद्यावर घेतली की अशी करकरते की पलीकडच्या वाडीत ऐकू जाते. पाहुणे येतात, बघतात आणि हसतात. म्हणतात, अहो, आठ घरं सुतारांची, तुमच्या लाकडी डब्या मुंबई-पुण्यापर्यंत जातात, आणि देवीला ही असली पालखी? हसा. हसून झालं की ऐका.

पूर्वी देवीला पालखीच नव्हती. सुतारांच्या गावची देवी शिमग्याला टोपलीत बसून घरोघर जायची. दुसऱ्या गावचे लोक त्यावरून बोलायचे आणि ते धाकू सुताराच्या बापाला फार लागायचं. देवळामागचा जुना फणस एका वादळात पडला, तेव्हा त्याने देवीपुढे नारळ ठेवून शब्द दिला, या एका झाडाचीच तुझी पालखी करीन. फळ्या पाडल्या, चुलीवरच्या माळ्यावर चढवल्या, आणि तो म्हातारा गेला. पालखीचं लाकूड बारा वर्षं वाळायला हवं, असं तो सांगून गेला होता.

ती बारा वर्षं सांभाळली कुणी, तर धाकूच्या बायकोने. आवडी तिचं नाव. दर अमावास्येला ती शिडी लावून माळ्यावर चढायची आणि एकेक फळी उलटी करून ठेवायची, म्हणजे लाकूड एका अंगाला वळणार नाही. पोटुशी असतानाही चढली. एकदा पाय घसरून पडली, महिनाभर लंगडली, तरी त्या अमावास्येला फळ्या उलटल्याच. सासऱ्याचा नवस होता खरा, पण कष्ट तिचे होते. शिमग्यात टोपली दारात आली की ती देवीला हळूच सांगायची, आता तीन वर्षं राहिली, आता दोन.

बारावं वर्ष लागलं आणि बंदरावरचा नारोशेट गावात आला. लवंग-वेलचीचा मोठा व्यापारी. त्याची गलबतं होती, वखारी होत्या. त्याला दिवाळीच्या पाडव्याला आपल्या गिऱ्हाइकांना भेट द्यायची होती. एकशेएक लाकडी डब्या हव्या होत्या, हातात मावतील एवढ्या, आत चार लवंगा, चार वेलच्या. दिवाळी तर दीड महिन्यावर. धाकू म्हणाला, शेट, वाळलेलं लाकूड नाही. ओल्या लाकडाची झाकणं बसत नाहीत, पुढच्या वर्षी या. शेटने मान वर केली तर माळ्यावर फळ्या दिसल्या.

आता इथे नारोशेट काय बोलला ते लक्षात ठेवा, कारण सगळं त्याच्यावर आहे. तो म्हणाला, प्रत्येक व्यापाऱ्याच्या हातात डबी देताना मी माझ्या तोंडाने सांगीन की ही कुडवणच्या धाकू सुताराच्या हातची. मग बघ, आठही घरांना काम पुरून उरेल. त्या वर्षी गावातले चार जाणते सुतार कामावाचून गलबतावर खलाशी म्हणून निघाले होते. धाकू हलला. देवळात गेला, देवीला कौल लावला. देवीने उजवं फूल दिलं, असं सांगतात.

घरी येऊन त्याने आवडीला सांगितलं, देवीने हो म्हटलं. आवडी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तिने म्हटलं असेल. मला विचारलं का कुणी?"

चार दिवस ती देवळाकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी माळ्यावर चढली आणि फळ्या स्वतःच्या हाताने खाली दिल्या. म्हणे रडली नाही. नुसती लालबुंद झाली होती.

आणि काम कसं केलं म्हणता? डबीला खिळा नाही, बिजागरी नाही. झाकण वरून ठेवायचं आणि सोडून द्यायचं, ते आपल्या वजनाने सावकाश खाली उतरून बसायचं. इतकं जुळतं झाकण करायला एका डबीला अख्खा दिवस जायचा, म्हणून धाकू आणि त्याचे तिघे भाऊबंद मिळून बसले. आवडी डब्या घोटून गुळगुळीत करत होती. घोटून घोटून तिच्या बोटांची सालं निघाली. एकशेएक डब्या झाल्या तेव्हा बारा वर्षांच्या फळ्यांतलं देव्हाऱ्यापुरतंही लाकूड उरलं नव्हतं.

पाडव्याला नवरा-बायको डब्या घेऊन बंदरावर गेली. त्यांना ओसरीच्या कडेला, वहाणा काढतात तिथे बसवलं. बसली. आत गाद्यांवर व्यापारी, मधे नारोशेट. पहिल्या पाहुण्याने डबी हातात घेतली, झाकण उचललं, सोडलं, ते सावकाश उतरताना बघून तो खूश झाला. म्हणाला, वा शेट, काय सुरेख वस्तू, कुणाच्या हातची?

नारोशेटने हात जोडले, मान लववली आणि हसून म्हणाला, "अहो, कसलं काय! किरकोळ वस्तू आहे. खेड्यातल्या कुणा सुताराने रिकामपणी ठोकून दिली. गोड मानून घ्या."

दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच. कुडवण नाही, धाकू नाही. कुणा सुताराने! रिकामपणी! काही लोक म्हणतात शेटच्या पोटात पाप नव्हतं, भेट देताना असं बोलायची रीत असते, विसरला बिचारा. बरं, विनय करायचाय ना, स्वतःच्या वस्तूचा करा. दुसऱ्याच्या घामाला किरकोळ म्हणून स्वतः नम्र ठरायचं, ही कुठली रीत? इतकी वर्षं झाली, पण सांगताना अजून अंगाची आग होते.

धाकू खाली बघून मुंडासं सारखं करत बसला. तो गरीब स्वभावाचा. आवडीने त्याच्याकडे बघितलं, आपल्या बोटांकडे बघितलं, आणि उठून सरळ गाद्यांपर्यंत आत गेली.

"शेट," ती म्हणाली, "तुमच्या लवंगा तुमच्या आहेत, त्यांना खुशाल किरकोळ म्हणा. हे लाकूड देवीच्या पालखीचं. बारा वर्षं मी उलटलंय. याला किरकोळ म्हणणारे तुम्ही कोण? एवढं सोपं आहे तर एक झाकण करा तुमच्या हाताने. ते बसेपर्यंत यातलं एकही झाकण उघडायचं नाही."

एक व्यापारी हसला आणि त्याने झाकण उचलायला हात घातला. झाकण उचलेना. दुसऱ्याने नखं लावली, तिसऱ्याने सुरी आणवली. एकशेएक डब्यांतली एकही उघडेना, म्हणे. शहाणे लोक सांगतात, समुद्राच्या दमट हवेने लाकूड फुगलं असेल. चुलीच्या धुरावर बारा वर्षं वाळलेला फणस एका सकाळीत फुगतो का, ते कुठल्याही सुताराला विचारा.

पाडव्याची भेट आणि ती उघडत नाही! व्यापाऱ्यांनी तो अपशकुन मानला. दोन दिवसांत डब्या परत येऊ लागल्या, तिसऱ्या दिवशी एका गलबताने माल भरून घ्यायला नकार दिला. चौथ्या दिवशी नारोशेट कुडवणला आला आणि धाकूच्या अंगणात बसला. आवडीने त्याच्यापुढे रंधा, एक बिनझाकणाची डबी आणि फळीचे उरलेसुरले तुकडे टाकले.

पहिल्या दिवशी त्याने उलटा रंधा मारला आणि लाकूड फाडलं. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. पाचव्या दिवशी ते फुटले. धाकूला बघवेना, तो मदतीला उठला की आवडी नुसती बघायची आणि तो पुन्हा खाली बसायचा. शेट चिडला, ओरडला, एकदा रंधा फेकून बंदरावर निघून गेला आणि संध्याकाळी परत आला. अकराव्या दिवशी एक झाकण झालं. वाकडं, एका टोकाला जाड, पण डबीवर बसलं. त्याच घटकेला तिकडे बंदरावर सगळी झाकणं सैल झाली, असं सांगतात.

शेटने आपले सोललेले हात बघितले. मग म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं."

"आता झालं ना ठाऊक," आवडी म्हणाली. "आता जा, आणि दिलेला शब्द तोंडाने बोला."

तो बोलला, हे खरं. दारोदार जाऊन धाकूचं नाव सांगितलं. पुढल्या वर्षीपासून कुडवणला कामं आली, खलाशी झालेले सुतार परतले. पण पालखीचं लाकूड गेलं ते गेलंच. धाकूने नव्या फळ्या माळ्यावर टाकल्या खऱ्या, पण त्या वाळायच्या आत तो देवाघरी गेला. त्याच फळ्यांनी त्याची चिता रचली.

आवडी मात्र कुणाला सोडत नव्हती. भेटीसाठी डब्या मागायला जो येईल त्याने आधी अंगणात बसून एक झाकण स्वतः करायचं, मग कामाचं बोलायचं. ती झाकणं ती जपून ठेवायची. केस पांढरे झाले तेव्हा तिने सुतारांना बोलावलं आणि सांगितलं, यांची पालखी करा. सगळे ओरडले. देवीला असली ओबडधोबड पालखी? गावाची अब्रू जाईल.

तेव्हा ती देवीकडे तोंड करून म्हणाली, सुतारांकडे नाही. "चांगलं लाकूड होतं, ते तू त्यांना देऊन टाकलंस. आता त्यांच्या हातचं घे."

देवीने घेतलं. आजही शिमग्यात वळजाई त्याच पालखीत बसते, दरवर्षी त्यात नवी झाकणं बसतात, जुनी कुजकी निघतात. आजही कुडवणची डबी हातात देताना कुणी तिला किरकोळ म्हणत नाही. आणि तुम्ही मघाशी फाटकात उभे राहून काय म्हणालात? कंपनीच्या गिऱ्हाइकांना दिवाळीत द्यायला काहीतरी किरकोळ हवंय, दोनशे नग, पंधरा तारखेच्या आत.

पाणी पिऊन झालं ना? मग तो फोन बाजूला ठेवा आणि या पाटावर बसा. हा रंधा, ही फळी. उलटा मारू नका, लाकूड फाटतं. पंधरा तारखेचं आपण तुमचं झाकण बसल्यावर बोलू.