सात पिचकाऱ्या आणि दोन पिचकाऱ्या

एका तालुक्याच्या गावी एक दातांचे डॉक्टर राहत. त्यांचं नाव विश्राम लाटकर. किडलेला दात उपटायचा नाही, वाचवायचा, हा त्यांचा बाणा. दाताच्या मुळात केसासारखी बारीक नळी असते. ती आतून कोरायची, पिचकारीने औषध सोडून धुवायची आणि मग बुजवायची. धुण्यात कसर राहिली की दात पुन्हा ठणकतो. लाटकरांनी बुजवलेला दात पुन्हा ठणकला, असं गावात कोणी म्हणत नसे.

धुण्यासाठी ते एकच औषध वापरत आणि तेही जहाल. हिरडीवर थेंब पडला तर माणूस खुर्चीतून उसळे. आग झाली म्हणजे औषध लागू पडलं, अशी डॉक्टर त्याची समजूत घालत. रोगी बिचारा गप्प बसे, कारण आ वासलेल्या तोंडाने वाद घालता येत नाही.

पुढे त्याच गावात ऋजुता मोकाशी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई आल्या. औषध त्यांचंही तेच, पण त्या ते पुष्कळ सौम्य करून वापरत. लाटकरांच्या मते हे म्हणजे दाताला नुसतं पाणी पाजणं. तेवढ्यात साखर कारखान्याने आपल्या कामगारांसाठी दातांचं शिबिर ठरवलं. साठ जणांचे दात धुवायचे, पण जहाल औषधाने की सौम्य? तालुक्यातल्या डॉक्टरांच्या मंडळाने तुलना करून पाहायचं काम लाटकरांवर सोपवलं, कारण वयाने तेच मोठे होते. रविवारच्या बैठकीत ते सांगतील ते औषध शिबिरात वापरायचं ठरलं. वीस वर्षं ज्याचे गोडवे गायले त्या औषधाची परीक्षा, आणि परीक्षक आपणच! डॉक्टर भलतेच खुशीत होते.

नाइलाजाने उपटावे लागलेले थोडे किडके दात त्यांनी बरणीत जपून ठेवले होते. त्यातले दोन सारखे निवडून त्यांनी कोरले. एक जहाल औषधाने धुतला, दुसरा सौम्य औषधाने. मग दोन्ही उभे चिरून भिंगाखाली धरले. जहाल औषधाचा दात आतून लख्ख निघाला, सौम्य औषधाच्या दातात मळ तसाच होता. डॉक्टर गुणगुणत निकाल लिहायला बसले.

त्यांच्याकडे पंधरा वर्षं हत्यारं धुण्याचं काम करणाऱ्या अनसूयाबाई आवराआवर करत होत्या. त्या मध्येच थबकल्या.

"डाक्टर, ह्या ताटात सात रिकाम्या पिचकाऱ्या हायत आन् त्या ताटात दोनच. त्या दाताला उपाशी का ठेवलं म्हनायचं?"

डॉक्टर चिडले. तुम्ही तुमचं काम करा, असं त्यांनी सुनावलं. बाई पुन्हा कामाला लागल्या, पण डॉक्टरांचं पेन पुढे सरकेना. त्यांना आठवलं, लाडक्या औषधाच्या पिचकारीची सुई आपण मुळापर्यंत नेली होती आणि दुसरीची नुसती तोंडाशीच धरली होती. ठरवून केलं नव्हतं, हाताने आपोआप केलं होतं. बैठकीत हे कोणी विचारणार नव्हतं. लाटकर म्हणाले म्हणजे झालं, असंच सगळे म्हणणार होते. आणि नेमकी त्याचीच डॉक्टरांना लाज वाटली. साठ माणसं आपल्या शब्दावर विसंबून तोंड उघडणार होती. त्यांनी कागद टरकावला आणि अनसूयाबाईंना हाक मारली.

या खेपेला बाईंनी दोन्ही औषधं सारख्या बाटल्यांत भरली. एका बाटलीला हळदीचं बोट लावलं, दुसरीला कुंकवाचं. कुठलं कशात ते फक्त त्यांना ठाऊक. वासावरून ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या मास्कला आतून बामही चोपडला. डोळ्यांतून पाणी काढत डॉक्टरांनी दहा दात धुतले, निम्मे एका बाटलीतून, निम्मे दुसरीतून. प्रत्येकाला पाच पिचकाऱ्या, सुई तितकीच खोल आणि घड्याळ लावून तितकाच वेळ. मग त्यांनी भिंग धरलं. हळदीचे दात आणि कुंकवाचे दात सारखेच लख्ख, त्यांत काडीचा फरक दिसेना. तीन वेळा पाहूनही दिसेना.

रविवारी बैठकीत लाटकर उभे राहिले आणि पहिल्यापासून सगळं सांगून मोकळे झाले. अनसूयाबाईंचं नाव घ्यायलाही विसरले नाहीत. "पहिल्या दिवशी माझं औषध जिंकलं नव्हतं," ते म्हणाले, "माझा हात जिंकला होता. सौम्य औषध पुरेसं घातलं आणि त्याला वेळ दिला तर तेही तितकंच धुतं. मग उगाच लोकांची हिरडी कशाला भाजायची?"

मग मोकाशीबाई उठल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"सर, तुलना मीही घरी करून पाहिली होती," त्या म्हणाल्या. "त्यात माझं औषध जिंकलं. तुमच्या औषधाला मी एकच पिचकारी दिली होती."

लाटकर आधी बघतच राहिले, मग पोट धरून हसले, आणि त्यांच्यामागोमाग सगळी खोली हसली. शिबिरात दोघे शेजारी शेजारी खुर्च्या मांडून बसले. साठ माणसांचे दात सौम्य औषधाने, वेळ देऊन धुतले गेले आणि एकही माणूस खुर्चीतून उसळला नाही.

तात्पर्य: दोन गोष्टींची तुलना करायची तर दोन्हींना सारखं माप आणि सारखा वेळ द्यावा, आपला हात आवडत्याकडे झुकलेला असतो, आणि तो झुकलाय हे मोकळेपणाने सांगणाऱ्याचा मान कमी होत नाही, वाढतो.