ईशान्येचा बुरूज आणि साळू बेलदारीण

उन्हात कशाला बसताय, पोरांनो? इकडं या, बुरजाच्या सावलीला. भिंतीला हात लावून बघा. गार आहे ना? भर वैशाखातही अशीच असते. मला डोळ्यांनी दिसत नाही, जन्मापासूनच नाही, पण ही गढी मला हातानं पाठ आहे. खाली कमरेइतका घडीव काळा दगड, त्यावर पांढऱ्या मातीची भिंत. तळाला बैलगाडी उभी राहील एवढी रुंद, आणि वर निमुळती होत गेलेली. चार कोपऱ्यांना चार बुरूज. तुम्ही टेकून बसलात तो ईशान्येचा. हाच तीनदा पडला होता. का पडला आणि कुणी उभा केला, ते सांगतो. मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो.

या टेकाडावर नुसता तरवड माजला होता आणि धोंडगव्हाण खाली नदीकाठी उघडंवाघडं पडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. सुगी झाली की लुटारू यायचे. धान्य न्यायचे, गुरं न्यायचे आणि जाताना घरांना आग लावायचे. म्हणून लोक ज्वारी पेवात ठेवायचे. पेव ठाऊक आहे का रे? तुम्हाला कुठलं ठाऊक असणार! जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. आत कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून माती लोटायची. कुणाचं पेव कुठं, हे शेजाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. बाप मरताना लेकाच्या कानात सांगायचा, तेवढंच.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. जुनं पेव उघडलं की कुणी एकदम आत उतरत नाही. आतल्या वाफेनं माणूस जागच्या जागी मरतो. आधी दोरीला दिवा बांधून सोडतात. दिवा जळत राहिला तर उतरायचं, विझला तर दूर व्हायचं.

तर गावचा रायाजी पाटील. माणूस वाईट नव्हता. सगळं गाव गुराढोरांसकट आत मावेल अशी गढी बांधायची, असं त्यानं ठरवलं आणि खणायचं-बांधायचं काम करत गावोगाव फिरणाऱ्या बेलदारांचा तांडा बोलावला. पन्नास गाढवं, वीस पालं आणि तांड्याची म्होरकी साळू. असं म्हणतात, साळू जमिनीला कान लावायची आणि खाली मुरूम आहे की पाणी आहे की कातळ, ते सांगायची. कुणी म्हणतं तिला भुईचं बोलणं कळायचं. मी म्हणतो, जन्मभर खणलं तर कळणारच की! तिचा नवरा भैरू. तो माती मळणारा. पांढऱ्या मातीत अंबाडीचे तुकडे, शेण, बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी घालून वीस वीस दिवस तुडवायची, आणि चिखल तयार झाला की नाही ते भैरूनं मुठीत घेऊन सांगायचं. त्याचा हात बोलला की काम पुढं.

बेलदारांची रीत अशी की कुदळ ठणकेपर्यंत पाया खणायचा. तीन बुरजांचा पाया तसाच खणला. चौथ्याच्या, म्हणजे या ईशान्येच्या जागी मात्र पाटील स्वतः येऊन उभा राहिला. म्हणाला, "इथं कमरेइतकंच खणा. खाली पक्का मुरूम हाय, माझ्या बापानं सांगितलेलं हाय मला." मालक सांगतोय म्हटल्यावर साळूनं मान हलवली. जन्मात तिनं तेवढीच एक चूक केली, की दुसऱ्याच्या शब्दावर पाया घेतला.

बुरूज छातीइतका आला आणि बसला. पुन्हा बांधला, तो पुन्हा बसला, आणि या खेपेला भैरूचा उजवा पाय त्याखाली सापडला. पाय वाचला नाही. तिसऱ्यांदा बांधला, तिसऱ्यांदा पडला. बाकीचे तीन बुरूज तोवर झाडाएवढे झाले होते, आणि सुगी दोन महिन्यांवर आली होती. एक कोपरा उघडा म्हणजे सगळी गढी उघडी.

मग गावात कुजबूज सुरू झाली. गावचा देवऋषी घुमला आणि म्हणाला, "बुरूज माणूस मागतोय. भैरूला त्यानं चाखलंय. अर्धा घेतलाय, उरलेला द्या, म्हंजी उभा राहील." ऐकायला अंगावर काटा येतो, पण लोकांना ते पटलं. का पटलं माहीत आहे? भैरू परक्या तांड्याचा, आणि त्यातून लंगडा. "तसाही तो आता काय कामाचा?" असं लोक उघड बोलू लागले. लाज वाटते मला हे सांगताना, पण आपलेच पूर्वज ते. पाटलानं आधी नाही नाही म्हटलं आणि मग मान खाली घालून हो म्हटलं.

साळूनं तीन दिवस मागून घेतले. रडली नाही, भांडली नाही. पडलेल्या बुरजाची माती बाजूला सारली आणि कान लावून पालथी पडून राहिली. असं म्हणतात, भर दुपारी तिच्या कानाखाली भुई रिकाम्या घागरीसारखी बोलली. तशीच उठली आणि धुळीनं माखलेली पाटलाच्या दारात गेली.

"मालक, खाली पोकळ हाय. पेव हाय का तिथं?"

"न्हाई," पाटील म्हणाला.

"कुणाचं जुनं, इसरलेलं?"

"न्हाई म्हणलं ना एकदा!" आणि त्यानं त्या जागेवर दोन भालेकरी उभे केले. कुणी कुदळ लावायची नाही. साळूला जे कळायचं होतं ते कळलं. पण तिचं एकटीचं कोण ऐकणार? परक्या बाईनं पाटलाला खोटं म्हणायचं, तेही नवऱ्याचा जीव टांगणीला असताना!

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव टेकाडावर जमलं. भैरूला बाजेवर घालून आणलं होतं. नवं धोतर नेसवलं होतं, कपाळभर कुंकू फासलं होतं. हलगी वाजत होती. भैरू बायकोला हळूच म्हणाला, "राहू दे साळू. पाय गेलाच हाय माझा. तांड्याला घिऊन जा तू."

"गप बसा तुमी," साळू म्हणाली. "पाय गेला म्हणून माणूस जातो व्हय?"

आणि मग ती गावाकडं तोंड करून खणखणीत आवाजात बोलली. "माझा घरधनी एकटा जाणार न्हाई. मी बी संगं जाणार. पर आमा बेलदारांत रीत हाय, बुरजाच्या पायात जाणारानं आपला खड्डा आपण खणायचा. त्याला पाय न्हाई, म्हणून त्याच्या वाटचा बी मीच खणते. कुणी आडवं येऊ नका, न्हाईतर बळी लागू पडायचा न्हाई."

असली रीत बेलदारांत होती की नव्हती, देव जाणे. मला विचाराल तर तिनं ती उभ्या उभ्या काढली. पण देवऋषीनं मान डोलावली, मग भालेकऱ्यांची काय टाप! पाटील तेवढा पुटपुटला, "एवढं खोल कशाला खणायचं?" पण हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

साळूनं कासोटा घातला आणि कुदळ उचलली. कमरेइतकं खणलं, छातीइतकं खणलं. असं म्हणतात, तिच्या कुदळीतून ठिणग्या उडत होत्या आणि दहा माणसांचं काम ती एकटी करत होती. मग कुदळ शिळेवर आपटली. तिनं पहार घातली, शिळा बाजूला लोटली, आणि खाली काळं भोक उघडलं. कुबट वास आला. हलगी थांबली. आपण काय बघतोय हे कुणालाच समजेना. पाटील पक्का मुरूम म्हणाला होता, तिथं शिळा कशी, भोक कसं? साळूनं कुदळ टाकली, काठावर बसली आणि एक पाय आत सोडला. आता दुसरा सोडणार, तेवढ्यात पाटील जिवाच्या आकांतानं ओरडला.

"थांब! मरशील! दिवा सोड आधी!"

साळूनं पाय वर घेतला आणि पाटलाकडं बघितलं.

"कामून, मालक? बुरजाच्या पायात दिवा कामून सोडायचा?"

सगळं गाव पाटलाकडं बघत होतं. कुणीतरी दिवा आणला, दोरीला बांधून सोडला. हातभर खाली गेला आणि विझला. दुसरा सोडला, तोही विझला. मग गावाला समजलं, हे पेव आहे, आणि पाटलाला ते आधीपासून ठाऊक होतं.

त्यानं लपवलं नाही मग काही. पेव त्याच्या बापाचं. दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली काठोकाठ भरलेलं. गावात माणसं पाला शिजवून खात होती, लेकरं मरत होती, आणि बापाला वाटायचं, अजून थोडं थांबू, अजून थोडं थांबू. मग इतकी माणसं मेली की पेव उघडायचीच लाज वाटली. मरताना त्यानं रायाजीच्या कानात जागा सांगितली. रायाजीनं त्यावर मुद्दाम बुरूज योजला, म्हणजे ते पुन्हा कधी कुणाच्या दृष्टीस पडणार नाही. आणि ती लाज झाकायला तो एका जिवंत माणसाला गाडायला निघाला होता. पण एवढं खरं, की साळूचा पाय आत गेलेला बघून त्याच्यानं गप्प राहवलं नाही. तेवढं माणूसपण त्याच्यात शिल्लक होतं, म्हणून ती वाचली.

तीन दिवस पेव उघडं टाकून, घोंगड्यांनी वारा घालून वाफ काढली. आतली ज्वारी काळी पडून गोळा झाली होती. भागा नावाची म्हातारी कुंभारीण होती, तिची दोन लेकरं त्या दुष्काळात गेली होती. तिनं त्यातली मूठभर ज्वारी उचलली आणि पाटलाला विचारलं, "एवढी होती?" बस, एवढंच. मूठ पदरात बांधली आणि घरी गेली. पाटील त्या दिवशी सगळ्या गावासमोर लहान पोरासारखा रडला. साळूला म्हणाला, "मला घाल बुरजाच्या पायात. माझाच बळी दे."

"माणूस घालून भिंत उभी राहत न्हाई, मालक," साळू म्हणाली. "माती आणा."

पाटलानं अनवाणी पायांनी माती वाहिली. पेव काढून टाकलं, कुदळ ठणकेपर्यंत खणलं, दगडगोट्यांनी भरून काढलं. गावातल्या एकूण एक माणसानं पाटी टाकली, देवऋषीनंसुद्धा! आणि चिखलाच्या काठाला बाजेवर बसून कोण होतं? भैरू. चिखल मुठीत घ्यायचा, दाबायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "अजून न्हाई." लोक मुकाट पुन्हा तुडवायचे. ज्याला गाव कामाचा नाही म्हणालं होतं, त्याच्या एका शब्दासाठी सगळं गाव गुडघाभर चिखलात उभं होतं. एकविसाव्या दिवशी त्यानं गोळा केला आणि भिंतीवर फेकला. तो असा चिकटला की पहारीनंही निघेना. पहिली मूठ ती.

बुरूज पुरा झाला तेव्हा साळूनं त्याच्या अगदी बुडाशी चूल मांडली. भाकरी थापली, नवऱ्याला वाढली, आपण खाल्ली, आणि पाठ टेकून दोघं निवांत झोपली. म्हणाली, "माझं माणूस जिच्याखाली झोपतं ती भिंत पडत नसती."

सुगीला लुटारू आले. या खेपेला दोन तोफा ओढत आणल्या होत्या. सगळं गाव गढीत. असं म्हणतात, सात दिवस त्यांनी याच बुरजावर मारा केला, आणि दगडाची भिंत फुटली असती, पण ही माती गोळे गिळून बसली. आठव्या दिवशी त्यांचे गोळे संपले आणि ते आले तसे गेले. इथं, डोक्याच्या वर हात फिरवा. लागला गोलवा? गोळा आहे तो, अजून आत आहे.

साळू आणि भैरू पुढं कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. एके सकाळी पालं नव्हती, गाढवं नव्हती. पण बुरजाला कान लावला तर चिखल तुडवणाऱ्या पायांचा आवाज येतो असं म्हणतात. मला येतो. तुम्हाला नाही आला तर दोष तुमच्या कानांचा!

धोंडगव्हाणात आजही झोपडी बांधा की बंगला, पाया खणला की आधी साळूमायच्या नावानं खड्ड्यात दिवा सोडतात. गाव भोवती उभं राहतं आणि घरमालकाला तीनदा विचारतं, "पोटात काय हाय?" त्यानं अनवाणी उभं राहून खरं ते सांगायचं. जमिनीचं आणि स्वतःचंही. कितीतरी जुनी भांडणं त्या खड्ड्यापाशी मिटलेली मी ऐकली आहेत. मग चिखलाची पहिली मूठ भैरूच्या नावानं ठेवायची. ती घरमालकानं नाही, गवंड्यानं नाही, सरपंचानंही नाही. गाव ज्याला कामाचा धरत नाही, त्यालाच बोलावून त्याच्या हातून ठेवायची.

गेल्या वर्षी शाळेची नवी खोली बांधली. शहरातून साहेब आले होते, त्यांना घाई होती, फोटो काढायचे होते. गावानं त्यांना थांबवून ठेवलं आणि माझ्याकडं माणूस धाडला. मी गेलो, चिखल मुठीत घेतला, दाबला, वास घेतला आणि म्हणालो, "अजून न्हाई."

आणि साहेबासकट सगळं गाव थांबलं.