डाव्या पेडलचे उलटे आटे

“आठ दिवस कशाला, आठ वर्षं दिली तरी ती डाव्या पेडलपाशीच अडणार! त्याचे आटे उलटे असतात. सगळं जग उजवीकडं आवळतं, ते डावीकडं आवळायचं. हे तिला सांगणार कोण?”

आबासाहेब मोकाशी स्वयंपाकघरात बायकोच्या, इंदुमतीबाईंच्या, कानात सांगत होते. पण चाळीस वर्षं सायकलच्या दुकानात हातोडीच्या वर आवाज चढवलेल्या माणसाचं कानातलं बोलणं ते! पलीकडच्या खोलीत पापडांचे डबे पुसत बसलेल्या नव्या सुनेला, हेमांगीला, शब्दन् शब्द ऐकू आला. ती डबे पुसत राहिली.

हेमांगीला नोकरी लागली होती. अकरा किलोमीटरवर माती तपासायची प्रयोगशाळा, पहिल्या तारखेला हजर व्हायचं. सकाळची एसटी दहा वाजून गेल्यावर पोचायची आणि नवरा निनाद मोटरसायकल घेऊन पहाटेच कारखान्यावर जायचा. सुनेच्या नोकरीचं आबासाहेबांना वावडं नव्हतं. पण “मोकाश्यांची सून रस्त्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाडीला हात करणार नाही!” असं त्यांनी बजावलं होतं.

राहता राहिला माळ्यावरचा खोका. निनादनं दोन वर्षांपूर्वी हौसेनं मागवलेली विजेची सायकल, सुट्या भागांत. नुसती फ्रेम, मोटर बसवलेलं चाक, बॅटरी आणि नटबोल्टांच्या पिशव्या. जोडणीचं पुस्तक उंदरांनी खाल्लेलं, वायरींचं एक पान तेवढं शाबूत राहिलेलं. खोक्याचं नाव काढलं की आबासाहेब म्हणत, “सायकलीला मोटर? मग पाय काय पायपुसण्यावर पुसायला दिलेत?”

त्या दिवशी मात्र खोका खाली आला आणि हुकूम सुटला.

“आठ दिवसांत घरीच जोडून दाखवायची! दुकानातल्या कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा. फोनमध्ये बघायचं नाही. आणि कुणाला एक प्रश्न विचारायचा नाही! जमलं तर खुशाल नोकरीला जा. नाही तर ते नेमणुकीचं पत्र परत!”

हेमांगीनं मान हलवली. लग्नाला तीन महिने झाले तरी तिचा आवाज घरात अजून कुणी धड ऐकला नव्हता. प्रश्न न विचारणं तिला जड जाणार नव्हतं.

तोंड बंद असलं तरी तिचे डोळे उघडे असत. ऐन मंगलाष्टकांत सासरे मांडवातून नाहीसे झाले होते. ते फोटोवाल्याच्या डुगडुगत्या स्टँडचा स्क्रू आवळत होते! मालिकेतली बाई कणीक चुकीची मळते म्हणून एकदा ते टीव्हीवर ओरडले होते. हे सगळं तिनं पाहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब अंगणात पेपर घेऊन बसले. हेमांगीनं फ्रेम बरोबर त्यांच्यासमोर मांडली, पाना घेतला, डावं पेडल घेतलं आणि उजवीकडं आवळायला लागली.

कर्रर्र.

पेपर चार बोटं खाली आला.

“इंदू, तिला म्हणावं, पेडल कुणी आधी बसवतं का?”

कर्रर्र!

“इंदू, आटे मरतील म्हणावं!”

इंदुमतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. हेमांगीनं पान्यावर आणखी जोर दिला.

कर्रर्र!!

पेपर उडाला. “अगं उलटं! डावं पेडल उलटं! डावीकडं फिरव, डावीकडं!”

हेमांगीनं डावीकडं फिरवलं. पेडल लोण्यासारखं आत गेलं.

मग काय! तिनं पुढच्या चाकाचा चिमटा मागं तोंड करून धरला, की “अगं, सायकल काय उलटी चालवणारेस?” बेअरिंगचे छर्रे कोरडेच बसवायला घेतले, की “ग्रीस! आधी ग्रीस!” चेन सैल सोडली, की “ही चेन आहे का गळ्यातली माळ?” हात लावायचा नाही ही स्वतःचीच अट पाळायला आबासाहेब दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभे राहत आणि तोंडानं अख्खी सायकल जोडत. तिसऱ्या दिवशी खुर्ची हातभर पुढं सरकली. चौथ्या दिवशी दुकान अकरापर्यंत बंद!

सहाव्या दिवशी वायरी आल्या. इथं आबासाहेबांना ओ की ठो कळत नव्हतं. हेमांगीनं उरलेलं पान पसरलं आणि रंगाला रंग जुळवत मुकाट जोडत गेली. एकदाही चुकली नाही!

“हे निळं कशाला? आणि हे डबडं कसलं? करंट तर नाही ना बसणार?” आबासाहेब विचारू लागले. हेमांगी पानावर बोट ठेवून दाखवत होती.

आठव्या दिवशी तिनं पदर खोचला, एसटी स्टँडामागचा चढ पेडल न मारता चढली आणि अंगणात येऊन ब्रेक दाबला.

“हरलीस!” आबासाहेब गरजले. “सगळं मी सांगितलं!”

“तिनं विचारलं का?” इंदुमतीबाई ताडकन म्हणाल्या. “आठ दिवस मी इथंच तांदूळ निवडतेय. तिच्या तोंडून एक प्रश्न निघाला नाही. प्रश्न निघाले ते तुमच्या तोंडून. निळं कशाला अन् डबडं कसलं!”

आबासाहेब पोट धरून असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. “चाळीस वर्षांत असं फुकट काम कुणी करून घेतलं नव्हतं माझ्याकडून!”

ते तडक दुकानात गेले, आपल्या पहिल्या सायकलीची पितळी घंटी काढून आणली आणि या वेळी अट-बिट बाजूला ठेवून स्वतःच्या हातानं सुनेच्या हँडलला बसवली.

“पहिल्या तारखेला हजर हो,” ते म्हणाले. “पण एक सांग. पहिल्याच दिवशी, सगळं सोडून ते डावं पेडलच कसं गं तुझ्या हाती आलं?”

हेमांगीनं घंटी एकदा वाजवून पाहिली.

“मामंजी,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी पलीकडं डबे पुसत होते. अख्ख्या सायकलीतलं तेवढं एकच मला माहीत होतं. म्हणून तेच आधी मुद्दाम चुकवलं!”